जाहीर नोटीस ऑनलाइन: पाचपैकी अडीच तारे

सासऱ्यांची भोर तालुक्यात सव्वा एकर जमीन, आम्ही राहतो कोथरूडला. लॉकडाउनमध्ये पेपर बंद केला तो केलाच. 'सगळं ऑनलाइन असतं' हे माझंच वाक्य.

मग चुलत दिरांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. पेपरचं कात्रण, त्यावर चहाच्या कपाचा गोल डाग आणि आमच्या गट नंबराभोवती बॉलपेनने काढलेला दुसरा गोल. रस्त्यासाठी भूसंपादन, कायद्याच्या कलम ११ ची, म्हणजे जमीन घ्यायचा इरादा कळवणारी नोटीस. हरकतीला ६० दिवस, त्यातले २३ गेलेले.

रात्री अकराला सरकारी साइटवर बसले. गावाचं नाव टाकलं, तर शून्य निकाल. तारखेने शोधलं तेव्हा नोटीस तिथेच! जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पीडीएफ. त्यातलं गावाचं नाव कॉपी केलं तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंस उमटले. सर्चला बिचाऱ्याला काय सापडणार? पुढची पानं आडवी स्कॅन केलेली, मी मान वाकडी करून वाचली. पण एकदा सापडल्यावर सगळा तक्ता आर-चौरस मीटरपर्यंत नीट होता, डाउनलोड फुकट, आणि मोठं करून सासऱ्यांना दाखवता आलं. पेपरातले ते मुंगीएवढे आकडे भिंगानेही लागत नाहीत.

ऑनलाइनला माझा विरोध नाही हो. केंद्राचं राजपत्र १ ऑक्टोबर २०१५ पासून छापतच नाहीत, फक्त ऑनलाइन निघतं. पण ते शोधत जाणाऱ्यासाठी. आपली जमीन जातेय हेच माहीत नसलेला माणूस काय शोधणार? म्हणून २०१३ च्या भूसंपादन कायद्यात वेबसाइट आहेच, शिवाय दोन दैनिकं, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. ग्रामपंचायतीत आणि तहसील कचेरीतही नोटीस लावतात, पण कोथरूडहून रोज भोरला कोण जाणार? नोटिशींचे पैसे पेपरवाल्यांना हवेच असतात, मान्य. तरी पेपर दारात येऊन पडतो. साइटने सातबाऱ्यावरच्या नावांना निदान एक एसएमएस तरी पाठवावा, मग खुशाल पेपरातल्या नोटिशी बंद करा.

हरकत एक्केचाळिसाव्या दिवशी दिली, पोचेवर शिक्का घेऊन. पेपर पुन्हा लावलाय. सासरे भिंग घेऊन आधी नोटिशींचं पान काढतात, शब्दकोडं नंतर.