उरावाचं जपानी शिक्षक-प्रशिक्षण: जावं का?

पुण्यातल्या जपानी शिकवणाऱ्या बऱ्याच जणी मला हे विचारतात. जपानी भाषा-संस्कृतीचा प्रसार करणाऱ्या जपान फाउंडेशन या संस्थेच्या उरावा केंद्रातलं प्रशिक्षण उत्तम आहे, जरूर जा. फक्त अर्ज करण्याआधी आपल्या क्लासच्या चालकांशी बोलून घ्या.

केंद्र टोकियोजवळच्या साइतामात, 1989पासून चालू आहे. राहायची खोली, ग्रंथालय, वर्ग सगळं तिथेच. शाकाहारी असाल तर मेतकूट आणि भाजणी न्याच, कारण साध्या मिसो सूपमध्येही बहुधा माशाचा अर्क असतो.

पैसे वसूल होतात ते सरावपाठात. आपण शिकवायचं, निरनिराळ्या देशांतल्या शिक्षकांनी विद्यार्थी व्हायचं, मग सगळ्यांनी मिळून पाठाची चिरफाड करायची. भर कशावर? तर आजच्या तासानंतर मुलाला काय करता येईल यावर. दुकानात मोठ्या मापाचा शर्ट मागता येईल का? मग आधी दुकानातला संवाद ऐकवा, अर्थाचा अंदाज त्यांनाच बांधू द्या, नियम मागाहून. फाउंडेशनचं ‘मारुगोतो’ हे पाठ्यपुस्तक याच धर्तीवर बेतलेलं आहे.

आता आपल्याकडचा वर्ग. ‘मिन्ना नो निहोंगो’ या पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या भागाचे 25 धडे डिसेंबरच्या जेएलपीटीआधी (जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेआधी) संपवायचे असतात आणि त्या परीक्षेत बोलणं तपासतच नाहीत. शर्टाच्या दुकानाचा खेळ मांडला की मागच्या बाकावरून येतंच, ‘‘मॅडम, हे परीक्षेला आहे का?’’ चालकांचाही तोच प्रश्न, जरा गोड आवाजात. शेवटी तडजोड झाली. प्रत्येक धडा मी पुस्तक मिटून, ऐकण्यानं सुरू करते. पाठांतर घरी, वर्गात जोडीनं बोलणं. यावर मात्र मी अडून बसले आणि कांजी (चिनी लिपीतून आलेली चिन्हं) कार्डांचा एक तास सोडून दिला. गेल्या बॅचची मुलं जपानी पाहुण्यांसमोर निदान गप्प बसली नाहीत.

एक गोष्ट मी जाणूनबुजून तिथेच ठेवून आले: वर्गात फक्त जपानी. उरावात दहा देशांची माणसं एकत्र बसलेली, तिथे इलाजच नसतो. माझ्यासमोर सगळे मराठी-हिंदीवाले. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे, हे त्यांना मराठीतून दोन मिनिटांत कळतं. त्यासाठी अर्धा तास हातवारे कोण करणार?

माझ्याकडून पाचपैकी चार तारे. अर्ज दिल्लीच्या कार्यालयामार्फत जातो, अटी त्या-त्या वर्षीच्या बघून घ्या.