पायडँटिकचा सीक्रेटस्ट्र: फुल्यांच्या आधी आणि नंतर

आमची टीम बाणेरला बसते आणि पतसंस्थांसाठी कर्ज-अर्जाचं सॉफ्टवेअर बनवते. एकेका अर्जात आधार, पॅन, बँक खातं, सगळंच. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आल्यापासून (सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटींपर्यंत) ग्राहकांचे ऑडिटर आधी लॉग (प्रोग्राम चालताना होणाऱ्या नोंदी) मागतात. म्हणून गेल्या पावसाळ्यात ही फील्ड्स साध्या स्ट्रिंगवरून (म्हणजे साध्या मजकुरावरून) सीक्रेटस्ट्रवर आणली. पायडँटिक ही आलेला डेटा तपासणारी पायथन लायब्ररी, आणि सीक्रेटस्ट्र हा तिचा मजकूर झाकून ठेवणारा प्रकार. तेव्हापासून प्रॉडक्शनवर रोज चालतंय.

असं फील्ड प्रिंट करा, लॉगमध्ये टाका, एफ-स्ट्रिंगमध्ये (वाक्यात व्हेरिएबल घालायची पायथनची सोय) घाला, दिसतात दहा फुल्या. आतला मजकूर चार अक्षरी असो की चाळीस, फुल्या दहाच. रिकाम्या स्ट्रिंगला मात्र एकही नाही, त्यामुळे माहिती भरलीच नव्हती हे सपोर्टवाल्यांना लगेच कळतं.

पण मला जास्त आवडलं ते वेगळंच. मूळ मजकूर हवा असेल तर गेट_सीक्रेट_व्हॅल्यू असं स्पष्ट लिहावं लागतं. अख्ख्या कोडमध्ये आधार कुठे कुठे उघडला जातो, हे एका सर्चमध्ये समोर येतं. कोड रिव्ह्यूत आता ती ओळ दिसली की पहिला प्रश्न हाच, ‘इथे कशाला हवाय?’ निम्म्या वेळा नको असतो.

आता डोकेदुखी. मॉडेलचं (अर्जाची सगळी फील्ड्स एकत्र ठेवणारा क्लास) जेसन, म्हणजे दुसऱ्या सिस्टिमला पाठवायचा मजकूर, केलं की त्यातही फुल्याच जातात. पॅन पडताळणीला पाठवलेल्या डेटामध्ये पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर यांच्या जागी दहा फुल्या, आणि आपल्या बाजूला एररचं नाव नाही, कारण फुल्या हीसुद्धा स्ट्रिंगच. समोरून ‘पॅन अवैध’ आलं की मग शोधाशोध. उपाय डॉक्युमेंटेशनमध्येच आहे: जेसन करताना मजकूर उघडणारा फील्ड सीरियलायझर (एखादं फील्ड बाहेर कसं जावं हे ठरवणारं फंक्शन). तो मूळ मॉडेलवर लावू नका, नाहीतर जो कोणी जेसन करेल त्याच्याकडे आधार उघडा जाईल. आम्ही बाहेर पाठवायचं मॉडेलच वेगळं केलं. तसंच, सीक्रेटस्ट्रची साध्या स्ट्रिंगशी तुलना केली तर उत्तर कायम ‘नाही’ येतं, तेही गुपचूप.

सगळ्यात मोठी गळती व्हॅलिडेशन एररमध्ये, म्हणजे डेटा तपासणीत नापास झाल्यावर येणाऱ्या एररमध्ये आहे. समजा अर्जात शाखेचा कोड राहिला. पायडँटिक ‘फील्ड मिसिंग’ म्हणतं आणि सोबत इनपुट म्हणून आलेली अख्खी डिक्शनरी जोडतं. ती अजून सीक्रेटस्ट्रमध्ये शिरलेलीच नसते, म्हणून आधारचे बाराच्या बारा अंक उघडे. हाइड_इनपुट_इन_एरर्स हे सेटिंग चालू केलं की छापील संदेशातून इनपुट जातं. पण एररची यादी काढून लॉग करत असाल तर ते तिथे असतंच; तिथे इन्क्लूड_इनपुट वेगळं बंद करावं लागतं. फास्टएपीआय (आमचं वेब फ्रेमवर्क) चुकीच्या डेटाला जे ४२२ एररचं उत्तर देतं त्यातही इनपुट परत जातं, ते उत्तर बनवणारा हँडलर आम्ही बदलला. ज्या मॉडेलमध्ये एकही गुप्त फील्ड आहे त्यासाठी एररमध्ये इनपुट दाखवणं आपोआप बंद हवं होतं, असं माझं ठाम मत आहे.

गळतीचं दुसरं टोक मजकूर उघडल्यानंतरचं. उघडलेला आधार लोकल व्हेरिएबलमध्ये ठेवला आणि खाली कुठे एक्सेप्शन आलं, की एरर ट्रॅकर (एरर गोळा करणारं टूल) तो व्हेरिएबल जसाच्या तसा उचलतो. न उघडलेला ऑब्जेक्ट असता तर तिथेही फुल्याच दिसल्या असत्या. आणि हे एन्क्रिप्शन नव्हे, मेमरीत मजकूर साधाच असतो. डेटाबेसची व्यवस्था वेगळी करावीच लागते.

शाखेतल्या लोकांना आधारचे शेवटचे चार अंक लागतात, मास्क्ड आधारवर दिसतात तसे. त्यासाठी सीक्रेटस्ट्रवरून छोटा क्लास काढून त्याची डिस्प्ले मेथड बदलली, दोन ओळींचं काम. मोबाइल नंबरही झाकल्यावर सपोर्ट टीम वैतागली, कारण त्यांची लॉगमधली सगळी शोधाशोध नंबरावरून चालायची. आता प्रत्येक ओळीत अर्ज क्रमांक टाकतो. तो आधी ग्राहकाला विचारून घ्यावा लागतो, आणि तो त्याला कधीच सापडत नाही.