खिडकीच्या शटरची मोटर: यांत्रिक थांबा की इलेक्ट्रॉनिक?

जर्मनीत नवे घर बांधणाऱ्या मराठी कुटुंबांना खिडक्यांवरील रोलर शटरचा निर्णय फार लवकर, बहुधा गिलाव्याच्या आधीच, घ्यावा लागतो. शटर मोटरवर चालणार हे ठरलेले असते. प्रश्न उरतो तो मोटर वर आणि खाली नेमकी कुठे थांबेल, हे कसे ठरवायचे याचा.

यांत्रिक मोटरीच्या डोक्याशी दोन स्क्रू असतात, एक वरच्या थांब्याचा आणि दुसरा खालच्या. अधिकच्या खुणेकडे फिरवल्यास शटरचा प्रवास वाढतो, उण्याकडे फिरवल्यास घटतो. वरचा थांबा लावताना तळपट्टीवरील अडसर खिडकीवरच्या, शटर गुंडाळले जाते त्या पेटीला टेकण्याआधी सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर जागा सोडावी, कारण या मोटरीला अडथळा कळत नाही. ती ओढतच राहते आणि सगळा ताण वरच्या पट्ट्यांवर येतो. खाली, पट्ट्यांमधील फटी मिटल्या की मोटर थांबली पाहिजे. त्यापुढेही ती फिरत राहिली, तर पेटीतली गुंडाळी सैल पडून वेडीवाकडी बसते.

इलेक्ट्रॉनिक मोटर महाग असते. मात्र तळपट्टीला अडसर आणि वरच्या पट्टीला, शटर ज्यावर गुंडाळते त्या दांड्याशी जोडणारी ताठ टांगणी असेल, तर ती विरोध जाणवताच थांबते आणि दोन्ही टोके स्वतः शोधते. अन्यथा इलेक्ट्रिशियन तिला तात्पुरती सेटिंग केबल जोडून थांबे शिकवतो. प्लास्टिकच्या पट्ट्या उन्हाळ्यात लांबतात, थंडीत आखडतात. यांत्रिक मोटर केवळ दांड्याचे फेरे मोजत असल्याने जुन्याच जागी थांबते, आणि वर्षभरात पुन्हा स्क्रूला हात लावावा लागण्याची शक्यता असते. हिवाळ्यात तळपट्टी चौकटीला गोठून चिकटली, तर अशा मोटरीकडून पट्ट्या तुटूही शकतात.

माझ्या मते खरी कसोटी किमतीची नाही, स्क्रूपर्यंत हात पोहोचण्याची आहे. अनेक नव्या घरांत पेटीचे झाकण बाहेरच्या बाजूने उघडते, त्यामुळे पहिल्या मजल्यावरचा एक स्क्रू फिरवण्यासाठीही शिडी लावावी लागते. अशा खिडक्यांना, तसेच अंगणात उघडणाऱ्या रुंद दारांना, इलेक्ट्रॉनिक मोटरच घ्यावी. तळमजल्यावरील न्हाणीघराच्या लहानशा खिडकीला यांत्रिक मोटर पुरते.

एकाच बटणावर दोन खिडक्या चालवायच्या असतील, तर यांत्रिक मोटरी थेट समांतर जोडता येत नाहीत. एकीतून उलटा वीजदाब दुसरीत जातो, म्हणून मध्ये विलगीकरण रिले, म्हणजे दोन्ही मोटरींचे वीजमार्ग वेगळे ठेवणारा स्विच, लागतो. 230 व्होल्टची ही जोडणी अधिकृत इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी. शिवाय या मोटरी सलग साधारण 4 मिनिटेच चालतात. थांबे लावताना शटर वारंवार वर-खाली केल्याने मोटर अचानक बंद पडली, तर ती जळाली असे समजून घाबरू नये. उष्णतारक्षक स्विचने तिला थांबवलेले असते आणि गार झाल्यावर ती पुन्हा चालते.

घराचा ताबा घेताना प्रत्येक शटर पूर्ण वर-खाली करून पाहावे आणि चुकलेला थांबा ताबापत्रकात लिहून घ्यावा, म्हणजे दुरुस्ती बांधकाम करणाऱ्याच्या खर्चाने होते.