जुनं 15 एचपी आउटबोर्ड, नोव्हेंबर ते मे वापरल्यावर : भर खाडीत दम सोडायचं त्याचं खरं कारण

नोव्हेंबरात घेतलेलं सेकंडहॅन्ड आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे लावायचं इंजिन (आम्ही मशीनच म्हणतो), आता पावसाळी मासेमारी बंदीमुळे उतरवून पडवीत स्टँडला लावलंय, 31 जुलैपर्यंत हात रिकामे आहेत, म्हणून म्हटलं सविस्तर लिहून टाकू. जपानी मेक, 15 हॉर्सपॉवर, टू स्ट्रोक, दोन सिलेंडर, वय पंचवीसच्या आसपास. माझी सोळा फुटी फायबर होडी, दाभोळच्या खाडीत गरवायला (गळाने मासे धरायला) जायचं आणि अधूनमधून माणसं पलीकडे सोडायची एवढाच वापर.

पहिले दोन महिने मस्त गेले. दोरीच्या दोन झटक्यांत स्टार्ट, मागून थंडाव्याच्या पाण्याची धार जोरात, पेट्रोलमध्ये 50 ला 1 ऑइल (लिटरला 20 मिली) घालायचं आणि निघायचं. जानेवारीत एका सकाळी फुल थ्रॉटलला सात-आठ मिनिटं झाली असतील आणि कोणीतरी मागून थ्रॉटल ओढून घ्यावा तसा आवाज खाली बसला, होडीचं नाक पाण्यात टेकलं, आणि अजून थोडं रेटल्यावर मशीन बंदच पडलं, ते पण कुठे तर धोपाव्याच्या फेरीबोटीच्या वाटेत, सुकती (ओहोटी) लागलेली, पाणी अंजनवेलच्या तोंडाकडे ओढतंय. नांगर टाकला म्हणून थांबलो. दोन मिनिटांनी दोरी मारली तर पहिल्या झटक्यात चालू! हळू चालवत घरी आलो, पूर्ण वाटेत एकदाही अडखळलं नाही.

इथूनच घोळ सुरू झाला, कारण किनाऱ्यावर पाण्याच्या पिंपात लावलं की मशीन एकदम ओके. मेकॅनिकने कार्बोरेटर खोलून साफ केला, दोन्ही प्लग नवे टाकले, पिंपात रेस करून दाखवलं, पुढच्या फेरीत परत तेच. मग त्याचं म्हणणं पडलं की गरम झाल्यावर कॉइल (प्लगला ठिणगी देणारी) जाते, ते पण चुकीचं नाही, जुन्या मशीनमध्ये असं खरंच होतं, म्हणून कॉइल बदलली. पैसे गेले आणि मशीन परत नवव्या मिनिटाला बसलं. पिंपात काही कळत नाही हे मला तेव्हा समजलं, कारण तिथे पंख्यावर (प्रोपेलरवर) लोड नाही, पेट्रोल लागतंच किती.

शेवटी आमच्या वाडीतले एक म्हातारे तांडेल काका सोबत आले. ते मागे बसले आणि टाकीच्या नळीवरचा रबरी पंप, म्हणजे प्रायमर बल्ब, नुसता हातात धरून ठेवला. आवाज बसायला लागला तसे म्हणाले, "अरे हात लाव हिकडे, चपटा झालाय बघ." खरंच, आमसुलासारखा आत ओढला गेलेला! म्हणजे मशीन पेट्रोल मागतंय आणि टाकीकडून येत नाहीये. बल्ब चपटा झाला तर अडथळा टाकी ते बल्ब या भागात. बल्ब मऊ पडला आणि दाबत राहिल्यावर मशीन परत उचलायला लागलं, तर मशीनवरचा फ्युएल पंप कमजोर किंवा कुठून तरी हवा ओढतंय. ही एक खूण आधी माहीत असती तर माझे दीड महिने वाचले असते.

सगळ्यात आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघितला, तो उघडाच होता. मग शेजारच्या दादाची टाकी आणि होज (पेट्रोलची रबरी नळी) आणली, वीस मिनिटं फुल थ्रॉटल, काही नाही. माझी टाकी त्याची होज, काही नाही. त्याची टाकी माझी होज, आठव्या मिनिटाला बसलं. होज बाहेरून चांगली काळी कुळकुळीत होती, तोंडाने फुंकली तर हवा पण जात होती. ब्लेडने उभी चिरली तेव्हा आतला थर सापाच्या कातीसारखा सुटून लोंबत होता, पेट्रोलची ओढ वाढली की तो पडदा आडवा व्हायचा आणि ओढ थांबली की परत भिंतीला चिकटायचा. म्हणूनच दोन मिनिटांनी चालू व्हायचं. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आहे, आणि एवढ्या जुन्या होज, फ्युएल पंपातले डायफ्रॅम (पातळ पडदे) त्यासाठी बनलेल्याच नाहीत.

एक गोष्ट कळकळीने सांगतो, असा दम सोडला की थ्रॉटल रेटत बसू नका. टू स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं, पेट्रोल कमी म्हणजे ऑइल पण कमी, पिस्टन धरला (सिलेंडरमध्ये जाम झाला) की मशीन संपलं. मी तीन वेळा रेटलं होतं, म्हणून नंतर कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) मोजून घेतलं, दोन्ही सिलेंडर जवळजवळ सारखे निघाले तेव्हा जीवात जीव आला.

मरीन ग्रेडची इथेनॉल चालणारी होज, नवा बल्ब (बाण मशीनकडे) आणि मध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर, सगळं कॉइलच्या निम्म्यापेक्षा कमी खर्चात झालं. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी मात्र लावू नका, कडक होऊन जॉइंटला हवा ओढते. फिल्टरमधून मार्चमध्ये दोन चमचे गढूळ पाणी निघालं. इथेनॉल हवेतली ओल धरतं, जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतं, ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं आणि टाकीची नळी ओढते नेमकं तळातलं! म्हणून आता आठवड्यापुरतंच पेट्रोल मिक्स करतो.

बाकी मशीनबद्दल थोडक्यात: खाडीच्या गाळामुळे इम्पेलर (थंडाव्याचं पाणी खेचणारं रबरी चाक) एकदा बदलला. एप्रिलमध्ये वेग पडला पण आवाज उलट वाढला, तो पंख्याच्या आतला रबर हब घसरत होता, त्याचा पेट्रोलशी संबंध नाही. वजन एका माणसाला उचलण्याजोगं आहे, पार्ट मिळतात. दुरुस्तीनंतर मे अखेरपर्यंत एकदाही खाडीत अडकलो नाही.

टाकी रिकामी करून ठेवलीय, कार्बोरेटर सुकवलाय, प्लगच्या भोकांतून थोडं ऑइल सोडून दोरी दोनदा हळू ओढलीय. चिरलेली होज पडवीत खिळ्याला टांगलीय, कोणाचं मशीन असं करत असेल तर येऊन बघा, हातात घेतल्यावर लगेच कळेल.