किनाऱ्यावरच्या छपराला एझेड १५० पत्रा

मालवण-वेंगुर्ल्याच्या खाऱ्या वाऱ्यात साध्या जस्ताच्या पत्र्यापेक्षा हा एझेड १५०, म्हणजे ॲल्युमिनियम-जस्ताचा लेप दिलेला पोलादी पत्रा, नक्कीच सरस. लेप दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम, म्हणजे एका बाजूला जेमतेम २० मायक्रॉन. त्यातल्या ५५ टक्के ॲल्युमिनियमवर हवेतला ऑक्सिजन लागताच काही नॅनोमीटर जाडीची ऑक्साइडची साय धरते आणि पुढचं गंजणं अडवते. मीठ मात्र ही साय फोडतं. म्हणून पावसाने धुतला जाणारा माथा चांगला राहतो, पण पडवीच्या वळचणीची खालची बाजू आधी खराब होते. तिथे अधूनमधून गोडं पाणी मारावंच. ग्राइंडरने कापू नका: ठिणग्या लेप जाळतात, पत्र्यात रुततात, मग लालसर ठिपके उठतात. कातरीनेच कापा, भोकांचा कीस त्याच दिवशी झाडा. ओल्या सिमेंटचा शिंतोडाही लेप खातो.