तोंडाशी मोती, तळाशी सोंडे

एप्रिलमध्ये परभणीत आमच्या कॉलनीत एक टेम्पो आला. "घरचा शाळू हाय दादा. आडत नाही, हमाली नाही, थेट शेतातून." माणूस पन्नाशीचा, डोक्याला रुमाल, बोलणं लाघवी. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, चांगल्या ज्वारीला क्विंटलला ३८०० सांगत होते, हा ३२०० ला द्यायला तयार. त्याने एका कट्ट्याची शिवण उसवली. दाणे मोत्यासारखे टपोरे. दाताखाली धरला तर कट्ट आवाज, म्हणजे वाळलेला. मी खूश.

आमच्याकडे अजून वर्षाचं धान्य भरतात. आईने बहात्तरच्या दुष्काळात मदतीच्या मिलोवर (परदेशी लाल ज्वारी) आणि सुकडीवर दिवस काढलेत, त्यामुळे कोठी रिकामी दिसली की तिला झोप लागत नाही. तिच्या माहेरी पेव होतं, धान्य साठवायचं जमिनीतलं. ती ओट्यावरून दोनदा म्हणाली, "सगळे कट्टे ओतून बघा की." टेम्पोवाला हसला, "आजी, ओतलं की धूळ लागती." मलाही ऊन लागत होतं. आठ कट्टे, १२,८०० रुपये, पावती नाही. हात घातला तोही फक्त दोन कट्ट्यांत, आणि तोही मनगटापर्यंत.

जाताना त्याने एक ॲल्युमिनियमची डबी दिली. लेबल खरवडलेलं, झाकण घट्ट. "आयुर्वेदिक गोळ्या हायेत. किडा दिसला की दोन टाका, वर्षभर बघायचं काम नाही." दीडशे रुपये घेतले. ती डबी मी माळ्यावर ठेवून दिली.

जूनमध्ये बायको म्हणाली, भाकरी थापताना फाटते, पीठ विरी गेल्यासारखं आहे. आम्ही गिरणीवाल्याला दोष दिला. बिचारा! जुलैच्या शेवटी कोठीचं झाकण काढलं तर आतून ऊब आली, आणि वरच सोंडे, धान्यातले सोंडवाले किडे. कट्टे न ओतता तसेच कोठीत ठेवले होते; पुढे सगळं बाहेर काढलं तेव्हा कळलं की प्रत्येक कट्ट्यात वर वीतभर थर नवा होता, खाली जुनी, पिवळट, भोकं पडलेली ज्वारी. मूठभर पाण्यात टाकली तर निम्मी तरंगली. आतून पोकळ.

सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि वरून भोक बुजवते. त्यामुळे वरच्या नव्या थरावर बाहेरून काही दिसत नाही. एक मादी तीनशेच्या आसपास अंडी घालते, आणि उबदार हवेत अंड्यापासून किडा व्हायला साधारण महिनाच लागतो. माझ्या कोठीत एप्रिल ते जुलै एवढा वेळ तर होताच. तेव्हाच वजनही करून बघितलं, कट्टे ५० किलोचे नव्हतेच. पण आता त्याचं काय घेऊन बसायचं.

खरी भीती पुढे आहे. किडे दिसताच मी गोळ्यांची डबी घेऊन आलो. कोठी माजघरात, तिथेच मुलं झोपतात. तेवढ्यात शेजारचे काका आले, कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले. डबी हातात घेऊन म्हणाले, "उघडू नकोस. पाण्याजवळ नेऊ नकोस." त्यांच्या मते आत ॲल्युमिनियम फॉस्फाइड होतं. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, बंद खोलीत माणसं मरतात, आणि त्यावर उतारा नाही. या गोळ्या सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक कीडनियंत्रकांनाच विकता येतात, टेम्पोतून तर नाहीच नाही. डबी शेवटी एका कीडनियंत्रणवाल्याने नेली. त्या रात्री मी बराच वेळ माजघराच्या उंबऱ्यात बसून होतो.

टेम्पोवाल्याचा फोन बंद. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला. पलीकडच्या बाईंचा पहिला प्रश्न: पावती आहे का? टेम्पोचा नंबर? मी गप्प. मोबाईलवर एक फोटो काढायला काय झालं होतं, ते आजही कळत नाही.

अशी ज्वारी कोणी घेत असेल तर निदान एवढं करा: कट्टा ताडपत्रीवर पूर्ण ओता. मूठभर दाणे पाण्यात टाका. दाणे आणि कोरडं मीठ काचेच्या कोरड्या बरणीत हलवून पाहा. मीठ बरणीला चिकटलं तर धान्य ओलं. औषध म्हणून कोणी बिनलेबलची गोळी दिली तर ती घरात आणूच नका.

यंदा आम्ही मोंढ्यात गेलो, आईला घेऊन. तिने एकेक कट्टा ओतायला लावला आणि कोपरापर्यंत हात घालून तळातली मूठ काढली. हमाल वैतागला. वैतागू दे.