पेडल मऊ लागतंय म्हणून लगेच मास्टर सिलेंडर बदलू देऊ नका

ब्रेकचं काम करून घेतल्यावर पेडल पूर्वीपेक्षा खाली जायला लागलं आणि गॅरेजवाला एकामागून एक महागडे पार्ट सुचवू लागला, तर पुढचे पैसे देण्याआधी हे वाचा. पुण्यातल्या एका गॅरेजने आमच्याकडून न बदललेल्या पार्टचे पैसे घेतले. पैशांचं एक वेळ सोडा. ब्रेक धड नसलेली गाडी ‘ओके आहे’ म्हणून ताब्यात दिली, याचा मला जास्त राग आहे. त्या गाडीत मागच्या सीटवर माझी आई होती.

गाडी जुनी हॅचबॅक. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे. पुढचं एक चाक गरम व्हायचं, कारण कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) जाम झाला होता. गॅरेजने पुढचे दोन्ही कॅलिपर, पॅड आणि मागचे लायनर (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे) बदलले. ते काम गरजेचंच होतं. पण गाडी हातात आली तेव्हा पेडल स्पंजासारखं दबत होतं, आणि दोन-तीनदा पंप मारल्याशिवाय ब्रेक वर येत नव्हता. उत्तर मिळालं, “सर, नवीन पॅड आहेत, सेट व्हायला वेळ लागतो.” नवीन पॅड डिस्कवर बसेपर्यंत पकड थोडी कमी वाटते, हे खरं आहे. पण पकड कमी वाटणं वेगळं आणि पेडल खाली जाणं वेगळं. पंप मारून ब्रेक लागत असेल तर पॅड सेट होण्याची वाट बघण्यात काही अर्थ नसतो.

दुसऱ्यांदा गाडी नेली तेव्हा निदान झालं, ‘मास्टर सिलेंडर गेला,’ म्हणजे पेडल दाबल्यावर चाकांकडे ब्रेक ऑइल ढकलणारा पंप. तो बदलल्याचे आणि सगळं ब्रेक ऑइल नवीन भरल्याचे मिळून ६,२०० रुपये घेतले. कागद कच्चा, त्यावर ना जीएसटी ना पार्ट नंबर. जुना सिलेंडर मागितला तर “भंगारात गेला” म्हणाले. पेडल जरासं सुधारलं, आठवड्याभरात पुन्हा मऊ. मग बूस्टरचं (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाचं) नाव निघालं, आणि शेवटी एबीएस युनिट. त्याचा अंदाज ३५,००० रुपये. “तोपर्यंत चालवा, काही होत नाही,” हेही वर सांगितलं.

पाचगणीहून येताना पसरणी घाटात एका वळणावर पेडल जवळजवळ फ्लोअरला टेकलं. गाडी दुसऱ्या गिअरला होती म्हणून इंजिनाने धरली. तशीच हळूहळू वाईत आणली आणि एका छोट्या गॅरेजमध्ये लावली.

तिथल्या मिस्त्रींनी एकही पार्ट सुचवला नाही. आधी इंजिन बंद ठेवून पेडल पंप करून पाहिलं. पंप मारल्यावर पेडल वर येतं, कडक होतं आणि थोड्या वेळाने पुन्हा बसतं, म्हणजे ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा आहे किंवा मागच्या ड्रम आणि लायनरमधला गॅप जास्त आहे. दोन्हींतलं कोणतं ते ओळखायला हँडब्रेक ओढून पुन्हा पेडल दाबलं. गॅप जास्त असेल तर हँडब्रेक ओढल्यावर पेडल लगेच वर येतं. आमचं आलं नाही. मग इंजिन चालू करून पाय एकसारखा दाबून धरायला सांगितलं. पेडल सावकाश खाली सरकत राहिलं आणि बाहेर कुठेच गळती नसली, तर मास्टर सिलेंडरच्या आतल्या सीलवर संशय घ्यायचा. आमचं पेडल मऊ होतं, पण जिथे थांबलं तिथेच राहिलं. सिलेंडर ठीक होता.

बूस्टरचं तर त्यांनी एका वाक्यात संपवलं: “बूस्टर गेला की पेडल दगडासारखं कडक होतं दादा, मऊ कसं होईल?” खात्री करायची तर इंजिन बंद करून पेडल कडक होईपर्यंत पंप करायचं, पाय दाबलेला ठेवून स्टार्टर मारायचा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. आमचं गेलं.

मग पुढचं चाक काढलं. “हे निप्पल बघा. हे वर पाहिजे, खाली कसं काय?” डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता, त्यामुळे हवा काढायचं निप्पल कॅलिपरच्या तळाला आलं होतं. हवा ऑइलच्या वर राहते. निप्पल तळाला असेल तर कितीही वेळा हवा काढा, बाहेर फक्त ऑइल येतं आणि बुडबुडा वरच्या कोपऱ्यात अडकून राहतो. पेडल दाबलं की आधी तो बुडबुडा दबतो, पॅडपर्यंत पुरेसं प्रेशर पोचत नाही.

कॅलिपर अदलाबदल करून बसवले, निप्पलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक ऑइलच्या बाटलीत बुडवलं, मी पेडल दाबून धरत होतो आणि ते निप्पल उघडून बंद करत होते. सुरुवातीला नळीतून मोठमोठे बुडबुडे आले, मग बारीक, मग सलग ऑइल. मागच्या चाकांतून मात्र काळं, चहाच्या रंगाचं ऑइल निघालं. ‘सगळं ऑइल नवीन भरलं’ हे खोटं होतं. मी बॉनेट उघडून मास्टर सिलेंडर दाखवला. वरून स्प्रे मारून चकाचक केलेला, खालच्या बाजूला जुन्या धुळीचा थर तसाच, आणि पाइपच्या नटांवरच्या गंजावर पान्याची एक खूणही नाही. तो कधी खोललाच नव्हता.

कॅलिपर उलटे बसणं ही चूक असू शकते. न बदललेल्या पार्टचे पैसे घेणं ही फसवणूक आहे, आणि त्या खोट्यापायी खरी चूक गाडीत तशीच राहू देणं हा लोकांच्या जिवाशी खेळ आहे.

मिस्त्रींकडून नटांचे आणि निप्पलचे फोटो काढून घेतले होते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवल्यावर गॅरेजने मास्टर सिलेंडरचे पैसे परत केले. ऑइलचे आणि मजुरीचे द्यायला तयार नाहीत. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात जायचं ठरवलं आहे. घटनेपासून २ वर्षांच्या आत तक्रार करता येते, वस्तू किंवा कामासाठी तुम्ही दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही आणि ती ऑनलाइनही दाखल होते. पण हातात पुरावा लागतो. म्हणून पक्कं बिल घ्या, जुना पार्ट गाडीतच ठेवायला काम सुरू होण्याआधी सांगा, आणि मास्टर सिलेंडर किंवा एबीएसचं नाव निघालं की वरच्या तपासण्या तुमच्यासमोर करायला लावा. त्यांना ना स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लागतो ना पैसे. एबीएस युनिटच्या आत हवा गेली तर काही गाड्यांत ती काढायला स्कॅनर लागतो, पण त्यासाठी युनिट बदलावं लागत नाही.

अलीकडे कॅलिपर बदलून घेतले असतील तर स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि टॉर्च घेऊन चाकाच्या मागून निप्पल बघा. तळाला दिसलं तर गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा.